समोरच्या अंगाची घरं

माझं माहेर निघोजं. लगीन होऊन पिंपरीच्या गावठाणात आले तवा भवताली कंपन्या नुकत्या उठत हुत्या. मालक लवकर गेले, पदरी एक पोरगा, मग थोरल्या दिरांच्या हाताखाली दिवस काढले. दीर तसे वाईट न्हाईत, पण त्यांच्यापुढं घरात कुणी बोलायचं न्हाई.

काय सांगू तुम्हाला, त्या आळीत मला एकच माणूस हुतं, समोरच्या घरातली पारू. आळी इतकी अरुंद की ती तिच्या उंबऱ्यावर तांदूळ निवडायची, मी माझ्या उंबऱ्यावर डाळ, आन् बोलणं चालूच. मालक गेले तवा घरात रडायची चोरी, मी तिच्या चुलीपाशी जाऊन रडायची. ती भाकरी थापत बसायची आन् मग म्हणायची, खा आता.

मग कंपन्यांच्या ट्रका आळीत अडकायला लागल्या, तवा नगरपालिकेचा सायेब आला, चांगला माणूस, म्हणला रस्ता मोठा करायचाय, एका अंगाची घरं जातील, कंच्या अंगाची ते तुमीच बसून ठरवा. सांजच्याला देवळात बैठक बसली. आता बघा, समोरच्या अंगाचे समदे बाप्ये एकाच कंपनीत, एक चिकटला की त्यानं शेजारच्याला लावला, असं करत समदे तिथंच, आन् त्या आठवड्यात समद्यांची सेकंड शिफ्ट. आमच्या अंगाचे दुकानदार, शेतीवाले, ते हजर. गावाची रीत अशी की ज्याच्या घराचं त्यानंच बोलावं, दुसऱ्याच्या घरात तोंड घालू न्हाई, आन् जो बोलला न्हाई त्यानं कबूल केलं. सायबानं इचारलं, समोरची घरं घेतली तर कुणाची हरकत हाय का? कोण बोलणार, बोलणारे मशिनीवर उभे.

आमी आमच्या अंगाच्या बाया खांबामागं बसलेलो. पारू तापानं घरी पडलेली. मी उभी राहिले. म्हणलं, सायेब, ती माणसं कामावर हायेत, सुट्टीच्या दिवशी बसा, न्हाईतर दोन्ही अंगाचं थोडं थोडं घ्या, आमची पडवी घ्या. दीर मागं वळले बी न्हाईत, म्हणले, बस खाली, आपल्या घराचा शब्द म्या दिलाय. दोघं-तिघं हसले. सायबानं नकाशा गुंडाळला.

घरं पडली. पारूला लांब निगडीकडं जागा मिळाली, जाताना माझ्याकडं बघितलं सुदिक न्हाई. एकदा बस धरून गेले तिच्याकडं. च्या दिला, मग म्हणली, हौसा, माझ्या घरावर नांगर फिरला आन् तू तिथं बसून हुतीस, एक शब्द निघला न्हाई गं तुझ्या तोंडातून? मी म्हणलं, बोलले गं, उभी राहून बोलले. ती म्हणली, मला तर कुणी सांगितलं न्हाई.

कोण सांगणार, ऐकणारे समदे आमच्या अंगाचे. दिरांना म्हणलं, भावजी, एकदा तिला सांगा. म्हणले, झालं गेलं गंगेला मिळालं.

आता पोरगा म्हणतो, आई, आपलं घर रोडटच झालं, मोठ्या रस्त्याला लागलं, नशीब काढलं. व्हय बाबा, काढलं. दिवसभर दारात बसते, म्होरनं ट्रका जातात, बोलायला कुणी न्हाई. खोटं कशाला बोलू, लई एकटं वाटतं.

तुमी लिहून घेताय तर एवढं नीट लिहा, हौसा देवळात उभी राहिली हुती. पारूला वाचता येत न्हाई, पण तिची लेक शाळा शिकलीया, ती वाचून दावील. पटलं तर पटलं. न्हाई पटलं तरी देव तिला सुखात ठेवो.