फेकलेली सुई

मुरबाडला कल्याणची जीप भरायची वाट बघत होतो. मागच्या सीटवर एक बाई आणि तिचा दीर दीपेश हळू आवाजात बोलत होते.

"वहिनी, त्या सेंटरात सगळी मला गर्दुल्ला म्हणून बघतील."

"बघूदेत. तिथं नशा करणाऱ्यांना नव्या सुया देतात, रक्तही तपासतात."

"माजी सुई तुमीच फेकलीत ना? आता नवी आणायला निघालात?"

"वाटलं, सुई नसली की नशा सुटंल. तुमी तुमच्या त्या दोस्ताची, कुंडलिकची वापरलीत. चूक माजी झाली."

"त्याला कावीळ झालीय."

"म्हायतीय. म्हणून तर चाललोय."

"मला पण निघाली तर?"

"तर औषध घ्यायचं. मी फोन करून विचारलंय, इलाज हाय. आणि यापुढं दर वेळी नवी सुई. कुणाची घ्यायची नाय, कुणाला द्यायची नाय."

"नशा एकदम नाय सुटणार, वहिनी."

"नाय तर नाय. तोवर जगायला तर पायजे."

"दादाला काय सांगितलंत?"

"सगळं."

"मारील मला."

"ते कुंडलिकला आणायला त्याच्या घरी गेलेत."

ड्रायव्हरने गाडी चालू केली. "निघू का?"

"थांबा जरा," ती म्हणाली. "आमची अजून दोन माणसं येतायत."