बुधवारचा वाघ

नाही हो, डोळे-बिळे काही आलेले नाहीत माझे! हा गॉगल ऑफिससाठी आहे. बुधवारी सुट्टी घेताना मी सरांना बोलले, सर, डोळे आलेत, आणि आता सर आमच्याच बाजूच्या सोसायटीत राहायला आलेत म्हटल्यावर लिफ्टमध्ये गॉगल, भाजी घेताना गॉगल, काल तर अंधारात गॉगल लावून कचरा टाकायला गेले... कशासाठी? वाघासाठी! तुम्हाला सांगते, माझी मागणी काय होती? वाघ बघायचा. एवढंच.

म्हणजे मला नाही, जाईला. जाई माझी भाची, मिथुनदादाची मुलगी, केजीत आहे. टीचरने विचारलं, खराखुरा वाघ कोणी कोणी बघितलाय? तर सगळ्या वर्गाचे हात वर, हिचा एकटीचा खाली. वर बाजूची ती भाविका बोलते, "तुमची गाडी एवढी मोठी, आणि वाघ नाय बघितला?" पोरगी घरी आली ती रडतच. मी काय बोलावं? बोलले, आत्या दाखवणार! "शपथ?" "शपथ!" झालं, अडकले. कारण आमच्या घरात माझ्या प्लॅनची किंमत काय आहे माहितीये? दादा लगेच, "रंजी बोलली ना? म्हणजे वाघच इकडे येईल, आपण नाय जात तिकडे." मग मी पण पेटले. म्हटलं, राणीची बाग, रविवार, फायनल! किती वाजता निघायचं, गाडी कुठे लावायची, वाघ कुठल्या बाजूला बसतो, सगळं मोबाईलवर बघून ठेवलं. रविवारचं! हे लक्षात ठेवा, रविवारचं.

आई एकच बोलली. "जेवन?"

"आई, आत जेवण नेता येत नाही."

"मंग भायेर जेवू."

"आधी वाघ, मग जेवण."

"उपाशी पोटी वाग बगतान काय कोन?"

शनिवारी बाबा जाहीर करतात, रविवार कॅन्सल, हळद आहे. आता आमच्या बोनकोडे गावात हळद म्हणजे काय हे तुम्हाला बाहेरच्यांना नाही कळणार. ती नवरा-नवरीची नसते, ती गावाची असते. मी बोलले, बाबा, एका हळदीला नाही गेलो तर काय होईल? बाबा एकदम गंभीर. "आपन नाय गेलो तर आपले हलदीला कोन येल?"

"आपल्या घरात कोणाची हळद आहे?"

"तुजी!"

अजून मुलगा ठरला नाही, पण हळदीला येणारी माणसं सांभाळायला आत्तापासून सुरुवात!

पुढच्या रविवारपर्यंत जाई थांबणार नव्हती. मी बोलले, ठीक आहे, सोमवारी जाऊ. बाबांच्या चाळी भाड्याने दिलेल्या, दादाचा स्वतःचा रेतीसिमेंटचा धंदा, त्यांना कुठे ऑफिसात पंच करायचंय? सुट्टी काय ती मला एकटीलाच! तर आई बोलते, "सोमवार शंकराचा. चिकन चालत नाय." मंगळवार? "गनपतीचा." गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. शुक्रवार बोलले, तर वहिनीने शाळेतल्यासारखा हात वर केला, "माझा उपास असतो." मी हात जोडले. म्हटलं, आई, वाघाला काय फरक पडतो आपण काय खातो त्याने? पण नाही! आमच्यात पिकनिक म्हणजे चिकन. डब्यात वरणभात घेऊन घराबाहेर जाणं याला आमच्यात पिकनिक नाही बोलत, त्याला हॉस्पिटल बोलतात.

उरला कोण? बुधवार. आणि मीच बोलले, मीच! "बरं झालं, बुधवारी गर्दी नसेल."

बुधवार उजाडला तोच भाकऱ्यांच्या आवाजाने. थाप थाप थाप... तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी, आणि चिकनचा टोप. टोप म्हणजे असा, की त्यात जाई बसली तर नुसती वेणी दिसेल. तो टोप फडक्याने बांधून गाडीत सीटवर ठेवला, त्याला सीटबेल्ट लावला, आणि मी जाईला मांडीवर घेऊन डिकीतल्या सीटवर, घडी घातलेली. गावदेवीला नारळ फोडला. निघालो. तोच नावड्याच्या मावशीचा फोन, "तुमी जाता नि आमाला सांगत पन नाय?" आता राणीची बाग भायखळ्याला आणि नावडे पार उलट्या बाजूला! पण आई बोलली, "वाटेतच हाय." कुठल्या वाटेत? दिल्लीच्या? गेलो नावड्याला. मावशी चटई घेऊन, तळलेली सुकी मासळी, वाकटी घेऊन, पावडर लावून तयार. आता मी, मांडीवर जाई, बाजूला मावशी, तिच्या मांडीवर वाकटी. पुढे दादाने हळदीची गाणी फुल्ल आवाजात लावलेली. खाडीच्या पुलावर बाजूच्या गाडीतले लोक आमच्यात नवरी शोधत होते. मला काय पाहिजे होतं? वाघ बघायचा. एवढंच.

पोचलो. पार्किंगला जागाच जागा! बाबा खूश. गेटवर एक माणूस नाही! बाबा अजून खूश. "रंजे, बराबर बोललीस, गर्दी नाय." तोपर्यंत मला कळलं होतं. गेटला कुलूप होतं.

वॉचमन खुर्चीवर बसलेला, शहाजी नावाचा, साताऱ्याकडचा. एकदम शांत माणूस. "बुधवारी बंद असतंय, ताई."

रविवारचं सगळं बघितलं होतं हो मी! बुधवारचं कोण बघतं?

आई पुढे. "वाग आत हाय ना?"

"हाय की."

"मंग उगड."

"मावशी, बंद हाय."

"आमी हात नाय लावत. लांबनं बगून येतो."

"त्येला आज सुट्टी हाय."

आई माझ्याकडे वळून, "बग. त्यालापन बुदवारच सापडला." म्हणजे जसं काही वाघाच्या घरी पण आज चिकन!

आणि तुम्हाला वाटेल, घरचे चिडले असतील, माझी लाज काढली असेल... कसलं काय! बाहेरच जेवायचं ठरलं होतं ना? त्यांचा प्लॅन तर बरोबर चालला होता! गेटच्या बाजूला, झाडाच्या सावलीत चटई पडली, टोप उघडला. आईने वॉचमनला हाक मारली, "या भाऊ, जेवाला." तो बोलतो, "नको, ड्युटीवर हाय." मग जरा थांबून, "...वाकटी हाय का ती?" आला खुर्ची घेऊन.

आणि जाई? ती गेटला धरून उभी. रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. माझ्याकडे न बघता एवढंच बोलली, "आत्या, शपथ बोललीस तू." आता काय सांगू मी त्या पोरीला? की वाघ आत आहे, मी बाहेर आहे, आणि मधे दत्त, मारुती आणि तुझी आजी आहे?

मी शहाजीभाऊंना डोळ्यांनी खुणावलं, बोला काहीतरी. त्यांनी वाकटी खाली ठेवली, तोंड पुसलं. "पोरी, तसं बी काय दिसलं नसतं बघ. ह्या टायमाला वाघ जेवून झोपतो. उताणा. पोट वर, पाय फाकवून. आन् मधनंच गुरगुरतो."

आणि त्याच क्षणाला, देवाशपथ सांगते, चटईवरून आवाज आला... घर्रर्रर्र!

बघितलं तर बाबा. उताणे. पोट वर, पाय फाकवून, मिशीला रस्सा.

जाईने बाबांकडे बघितलं. शहाजीभाऊंकडे बघितलं. "असाच?"

शहाजीभाऊ मान तिरकी करून बघत राहिले, अगदी पोटापासून मिशीपर्यंत. "सेम," बोलले. "फकस्त त्येला बनियन नसतं."

जाई हळूच चटईजवळ जाऊन बसली, आणि बाबा उठेपर्यंत हलली नाही.

गुरुवारी शाळेत स्वतःहून हात वर! टीचर बोलली, अरे वा, वाघ कसा होता? तर जाई, "जेवून झोपला होता. मी पोटाला हात पण लावला." भाविकाचा चेहरा पडला म्हणे. आख्ख्या वर्गात कोणी लावला नव्हता!

मी तरी बोलले, शपथ ती शपथ. काल जाईला बाजूला घेऊन कानात सांगितलं, रविवारी आपण दोघीच जाऊ, गुपचूप, खरा वाघ बघू. तिने विचार केला. "आबा?" म्हणजे आमचे बाबा. नाही. "आजीची भाकरी?" नाही. "टोप?" नाही. माझ्या गालावरून हात फिरवत बोलते, "जाऊ दे आत्या. तू नको टेन्शन घेऊ."

आणि बाबा गावभर सांगत फिरतायत, "राणीची बाग ना? बुदवारी जावा. मानूस नाय! वॉचमन पन घरचा." पुढच्या बुधवारचं ठरलंय, आता दोन गाड्या आहेत. वाघ बघायचा, एवढंच बोलले होते हो मी...

असो. तुम्ही फक्त मला एक सांगा. डोळे तर झाले, आता सरांना काय आलंय सांगू?