माळ्यावरचे खाकी कागद

ताई : आणि माळ्यावरची भेंडोळी?

धाकटा : कुठली?

ताई : खाकी कागदाची, सुतळीने बांधलेली. आईच्या शिलाई मशीनच्या वर होती बघ.

धाकटा : ती गेली. सकाळी रद्दीवाला आला होता ना, वर्तमानपत्रांबरोबर देऊन टाकली.

ताई : दिलीस?

धाकटा : कडा झुरळांनी कुरतडल्या होत्या, ताई. उद्या घराच्या किल्ल्या द्यायच्यात. तूच म्हणालीस, प्रत्येक वस्तू हातात घेऊन बघत बसू नकोस.

ताई : मी डब्या-बरण्यांबद्दल म्हणाले होते. एखादं भेंडोळं उघडून तरी बघायचंस.

धाकटा : उघडलं एक. कुणाच्या तरी शर्टाची बाही होती.

ताई : तुझी होती. सगळे कागद आपल्या दोघांचेच होते. गिऱ्हाइकांचे तिने कधीच काढून टाकले. शाळा सुरू व्हायच्या आधी आपलं माप घेऊन कागद कापायची, मग त्यावरून गणवेश बेतायची. मागच्या वर्षीचा कागद शेजारी पसरून बघत बसायची, पोरं केवढी झाली म्हणून.

धाकटा : मला कुणी सांगितलं होतं हे?

ताई : इथे राहिला असतास तर... जाऊ दे.

धाकटा : नाही, बोल ना. पाहुण्यासारखा येतो आणि फेकाफेकी करून जातो, असंच ना?

ताई : मी तसं म्हटलं का?

धाकटा : म्हणायला कशाला हवं. थांब, त्याचा नंबर आहे माझ्याकडे.

(तो खिडकीशी जाऊन फोनवर बोलतो. परत येतो.)

धाकटा : माल पुढे गेला. कुठे, ते त्यालाही सांगता येईना.

ताई : आईला काय सांगायचं? तिला तर अजून घर सोडतोय हेच सांगितलं नाहीये. रंगकाम चाललंय म्हणून थापा मारतेय मी.

धाकटा : दार वाजतंय. टेम्पोवाला असेल.

ताई : मी बघते... आई? तू? एकटी कशी आलीस? आणि त्या पायाने जिना चढलीस?

आई : तुझ्या शेजारणीने रिक्षात बसवून दिलं. जिना काय, बसत बसत चढले. रंगाचा वास नाही गं येत.

ताई : आई, अगं...

आई : पाणी दे आधी. तू कधी आलास रे? वाळलास.

धाकटा : काल आलो. तुला भेटायला येणारच होतो, आवरून झालं की.

आई : हं.

ताई : मी सांगणार होते तुला. रोज सकाळी ठरवायचे. तू पर्स उघडून इथली किल्ली आहे ना बघायचीस, की माझी जीभच रेटायची नाही.

आई : मला कळलं होतं. बाथरूममध्ये पडल्यापासून तुझ्याकडे आहे मी. रोज एकदा तरी खेकसायचीस माझ्यावर. हल्ली अगदी गोड बोलतेस. तेव्हाच म्हटलं, काहीतरी शिजतंय.

ताई : मग बोलली का नाहीस?

आई : बोलले असते तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं... माळा अगदी मोकळा दिसतोय.

धाकटा : आई, त्यावरचे कागद मी रद्दीत दिले. न बघता दिले. आत्ता फोन केला, पण आता मिळणार नाहीत. चुकलं माझं.

आई : सगळे?

धाकटा : सगळे.

आई : तो कागद जाड असतो. पुड्या बांधायला घेतील कुणीतरी. तुझ्या बाहीत खिळे बांधून जातील कुणाच्या घरी.

धाकटा : तू रागाव ना माझ्यावर.

आई : तुझे कागद तसेही बरोबर नव्हते. मापाला उभा कुठे राहायचास? टेप लावली की गुदगुल्या होतात म्हणून पळायचास. सगळं अंदाजाने बेतायचे.

धाकटा : मला तर कधीच काही आखूड झालं नाही.

आई : तू झोपलास की उसवून परत शिवायचे.

धाकटा : मशीन मी नेतो, आई. माझ्याकडे राहील.

आई : बायकोला विचारलंस?

धाकटा : विचारेन.

आई : म्हणजे नाही विचारलंस. आज तुला वाईट वाटतंय म्हणून नेशील. मग त्यावर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग पडेल, आणि ती बिचारी रोज त्याला वळसा घालून जाईल. कुणाला द्यायचं ठरलंय?

ताई : चौकातल्या शिवणक्लासला. टेम्पो येतोच आहे. तू नको म्हण, मी आत्ता परत पाठवते.

आई : मला विचारू नकोस. विचारलंस तर मी नकोच म्हणेन. ते तुलाही ठाऊक आहे, म्हणून तर रंगकाम काढलंस.

ताई : माझ्या घरात जागा असती तर...

आई : घर लहान आहे, त्यात तुझा काय दोष?

ताई : नाही आई. जागा झाली असती. कपाट सरकवलं असतं तर झाली असती. मलाच नको होतं. तो खडखडाट ऐकत अभ्यास केला, तो ऐकत झोपले. पुन्हा घरात नको वाटला. हे तुला कसं सांगणार होते मी?

आई : मलाही कंटाळा यायचा गं त्याचा. तुम्हाला वाटायचं, मला आवडतं म्हणून शिवते.

धाकटा : खाली हॉर्न वाजतोय.

आई : जा, त्याला वर बोलव. आधी पट्टा काढा, नाहीतर जिन्यात अडकेल. चाकाला धरून उचलू नका, खालून धरा. मी स्वयंपाकघरात बसते तोवर.

ताई : स्टूल देऊ तुला?

आई : दे. आणि हे मधलं दार ओढून घे.