वरवटच्या बाजारात ईशाची हाळी

माहं माहेर तिकडे सातपुड्याच्या पायथ्याशी, अन् लगन होऊन आली ते या वरवट बकालच्या शिवारात, तवापासून भाजी लावून राह्यली अन् बाजारात नेऊन विकून राह्यली, दुसरं काई येत नाई मले अन् दुसरं करावं असं वाटलंबी नाई कधी. बाजाराचा दिवस म्हटला की अंगात वारंच भरते माह्या, आताबी, या वयात, हासू नका.

त यंदा दिवाळीत पोरगी आली पुण्याहून, दोन लेकरं घेऊन, मोठी ईशा चौथीत अन् लहाना ओम, तो त निरा उधळा, एका जागी बसतच नाई. पोरीनं मले बाजूले घेऊन सांगतलं, माय, ईशासमोर जरा शुद्ध बोलत जाय, मागच्या सुटीनंतर ती शाळेत मले-तुले बोलली त पोरी लय हासल्या तिले, तवापासून गावाचं नावच काढत नाई. एकच नात मले, तिलेच माही लाज वाटाले लागली त मंग राह्यलं काय माह्याजवळ. मंग म्या मनाशी ठरवलं, दोघाइले बाजारात न्याचं अन् पुण्यासारखं बोलूनच दाखवाचं.

सकाळीच वांगे तोडले, काटेरी, लेकराइच्या बोटाले काटे टोचले तरी टोपलं सोडेनात. ऑटोत वांगे, सांबाराच्या जुड्या, तुमी कोथिंबीर म्हणता ना तेच, अन् मधात हे दोघं. बाजार असा भरला होता बाप्पा, इकडे बकऱ्या, तिकडे भजे तळून राह्यले, ओमचं त डोकंच फिरलं, आजी बकरीचा कान धरू का, आजी ते गोल गोल काय हाय, आजी हे केवढ्याचं. मलेबी इतकी हौस आली की इचारू नका. ईशा मात्र माह्यामागं पोत्यावर पाय आखडून गप बसली.

मंग म्या सुरू केलं. घ्या ना ताई, छान वांगी आहेत, अगदी ताजी आहेत, बघून तरी घ्या. अशी नाजूक, टीव्हीतल्या बाईसारखी. बाजूची मिरचीवाली सुमन माह्याकडे पाहतच राह्यली, म्हणे काकू, बरं नाई का तुमाले. गिऱ्हाईक येई, आयके अन् पुढं जाय. सुमनच्या मिरच्या अर्ध्या खपल्या अन् माहा सांबार उन्हात मान टाकून राह्यला. शिवणकाम करणारी वच्छलाबाई, माही दर बाजारची गिऱ्हाईक, मान खाली घालूनच चालते ती, तीबी समोरून निंगून गेली. सुमननं हाक मारून इचारलं, अवो बाई, आज काकूचे वांगे नाई घेत का? त ती म्हणे, काकू कुठी हाय, मी तिलेच शोधून राह्यली, इथं त मले वाटलं कोणी शयरातली व्यापारीण बसली बाहेरचा माल घेऊन, तिचे वांगे कोण घेईन.

सुमन पोट धरधरून हासली. मीबी हासली, पण खरं सांगू, रडूच येऊन राह्यलं होतं.

तवा ईशानं माहा पदर ओढला. म्हणे,

“आजी, तू असं काऊन बोलून राह्यली?”

तिच्या तोंडून ते आमच्या बोलीतलं काऊन आयकलं अन् म्या वळून तिच्याकडे पाह्यलं. म्या सांगतलं, तुह्यासाठी व माय, तुले माही लाज वाटते ना. पोरगी खाली पाहून जुडीचा दोर सोडत बसली, मंग हळूच म्हणे, तुझी नाही गं वाटत आजी, शाळेत त्या मुली हसल्या ना, तेव्हा रडू आलं होतं. अन् काय झालं कोणास ठाव, उठली, दोन हाती दोन वांगे धरले अन् असा आवाज काढला की तिकडचा भजेवालाबी वळला. घ्या व माय, आमच्या वावरातले वांगे, मसाला भरून करा नाईत तेलात परता, आजीनं आत्ता तोडले! मंग मीबी सुटली, ओमबी सुटला, तिघांच्या हाळीनं बाजार दणाणला, वच्छलाबाईनं त वांगे घेतले अन् वरून ईशाच्या गालाचा मुकाबी घेतला. दुपार कलत नाई त टोपलं रिकामं.

आता लेकरं गेली पुण्याले. परवा फोन आलता ईशाचा, म्हणे आजी, मी वर्गात बाजाराचं सगळं सांगतलं, वांगे, सांबार, तुह्यासारखंच बोलून. म्या भेत भेत इचारलं, हासल्या का व पोरी? म्हणे, हो, खूप हसल्या, मग मी पण हसले आणि पुढचं सांगितलं. जुगजुग जगो माही बाय, असीच पुढचं सांगत राहो.