चौथा ठोका

मंडळी, जरा पुढं सरकून बसा, आणि एक सांगा — आपलं माणूस घरी आलं, हे तुम्हाला कशानं कळतं? पावलानं? कडीनं? मोबाइलवर निरोप येतो म्हणता? बरं, असू द्या. ऐका!

खाडीकाठच्या एका गावात होता हिराजी तांडेल. शिक्षण चौथीपर्यंत, पण इंजिनाला कान लावला की त्याचं दुखणं सांगायचा! वडील वारले, मागं राहिली होडी आणि तिचं जुनं इंजिन. ते कसं चालायचं? टुक, टुक, टुक — आणि चौथा ठोका गाळायचं! सगळं बंदर हसायचं. पण घरी त्याची आई, येसूबाई, डोळ्यांनी अधू. ती ओटीवर कान देऊन बसायची. तीन ठोके आणि मधली ती गप्प जागा ऐकू आली, की उठून भाताचं आधण ठेवायची. तांदूळ घ्यायची तिघांचे. हो, तिघांचे! तिच्या लेखी नवरा अजून रोज संध्याकाळी खाडीत शिरत होता.

आणि हिराजीची बुद्धी त्याला स्वस्थ बसू देईना. तीन वर्षं खपून त्यानं नवं इंजिन घडवलं. डिझेल निम्मं, धूर नाही, आवाज तर इतका कमी, की शेजारच्या होडीतला खोकला ऐकू यावा! बंदरानं त्याला फेटा बांधला. आणि जुनं इंजिन? अहो, ते वितळवून त्याचंच लोखंड नव्यात घातलं! म्हणाला, बापाची आठवण राहील. हेतू वाईट नव्हता, मंडळी.

पहिल्या दिवशी घरी आला, तर चूल थंड.

“आये, भात नाय ठेवलास?”

“तू आलास? मला कसं कळायचं रे? आणि तुझा बापूस... तो अजून नाय आला.”

हिराजी दुसऱ्या दिवसापासून लागला ठोका गाळायच्या मागं. इथला नट सैल कर, तिथली नळी चोंदव. इंजिन धडपडायचं, बंद पडायचं, पण बापाच्या इंजिनासारखं चुकायचं नाही. साऱ्या बंदराची इंजिनं नीट करणारा माणूस, त्याला एक चूक करता येईना!

शेवटी एका संध्याकाळी त्यानं घरासमोर पाण्यातच इंजिन बंद केलं आणि घराकडं तोंड करून हाक मारली, “आये! आये! आये!” चौथी हाक मारायला गेला, पण ती आतच राहिली.

ओटीवर म्हातारी उठली. आधण ठेवलं. आणि त्या दिवशी तिनं पहिल्यांदाच दोघांपुरते तांदूळ घेतले.

आता तुमच्याकडं वळतो. इंजिनं सुधारा, खुशाल सुधारा! पण आज घरी जाल, तेव्हा कडी वाजवण्याआधी हाक मारा. कुणीतरी कान देऊन बसलेलं असतं. आणि ज्यांच्या घरी ओ द्यायला कुणी उरलं नाही — माझ्याही घरी नाही हो — त्यांनी इथं मारावी. हा विटेवरचा ऐकत उभाच आहे.

टाळ खाली ठेवा. तीनदा हाक मारू, चौथ्या वेळी गप्प राहू. त्या गप्प जागेत ज्याला ज्याचं माणूस ऐकू यायचं, ते येऊ दे.