येळवशीचं पातेलं

गड्यांनो, परवा थोडक्यात निभावलं. माझी शेळी गाभडली. मेलेलं करडू काढताना माझे कपडे रक्तानं माखले. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "रोग असंल, कपडे वेगळे उकळा."

मोठं पातेलं घरात एकच, तेबी शेजारच्या गंगाकाकूंचं, यंदा येळवशीची, म्हंजी येळा अमावस्येची, मिसळ भाज्यांची भज्जी आमच्याकडं रांधायची म्हणून आणलेलं. म्या त्यातच सोडा टाकून कपडे उकळले. नेमक्या काकू आल्या, अन् पातेल्यात माझी पँट!

म्या हातच जोडले. "काकू, चुकलं. नवं घेऊन देतो."

काकू हसल्या. "आरं, कशाला? राखंनं घासलं की झालं. तुझ्या काकांचे गोठ्यातले कपडे मी बी त्यातच उकळते की!"

लई हायसं वाटलं बघा. मग ध्यानात आलं, दर येळवशीला त्याच पातेल्यातली काकूंची भज्जी आपुन सगळ्यांनीच वाटी चाटून खाल्लीय.