शिरपतीचे ओले केस

मंडळी, आज आधी एक प्रश्न विचारतो. उत्तराची घाई करू नका. लेकरू आपल्याला घाबरतं — हे चांगलं, की वाईट?

ते बघा! पुढच्या रांगेतले तात्या लगेच म्हणाले, "घाबरलंच पाहिजे!" आणि तिकडून एक माऊली म्हणतेय, "नको हो, लेकरूच ते!" झालं! प्रत्येक घरात हेच दोन पक्ष. एक धाक लावतो, दुसरा पांघरूण घालतो. आणि लेकरू दोघांच्या मध्ये उभं राहून काय शिकतं? ऐका.

आमच्या वाकळवाडीची गोष्ट. पंचवीसेक वर्षं झाली. आमच्याकडे पद्धत होती — चैत्र लागला की पोरांना विहिरीत पोहायला शिकवायचं. कसं? वाळलेला दुधी भोपळा घ्यायचा. आतून पोकळ, पाण्यावर तरंगणारा. तो पोराच्या पाठीला सुतळीनं बांधायचा. पहिल्या आठवड्यात मोठा भोपळा, दुसऱ्या आठवड्यात त्याहून लहान, मग आणखी लहान... आणि अक्षय तृतीयेला भोपळा सोडायचा! त्या दिवशी सगळं गाव विहिरीवर. ज्या पोरानं बिनभोपळ्याची उडी मारली, त्याच्या आईनं गूळ वाटायचा.

आता या गावात एक धोंडिबा खराडे. अंगानं पैलवान, आवाज असा की बैलसुद्धा जागच्या जागी थांबायचे! त्याला एकच पोरगा. शिरपती, नऊ वर्षांचा. धोंडिबाला भोपळा अजिबात पसंत नव्हता.

"भोपळा बांधून शिकत्यात ती काय पोरं? माझ्या बापानं मला उचलून फेकला हुता इहिरीत! शिकलो का न्हाई?"

आणि त्यानं काय केलं? शिरपतीला काखेत उचललं — आणि दिला फेकून! पोरगं खाली गेलं, वर आलं, परत खाली गेलं. तीन-चार जणांनी उड्या टाकून बाहेर काढलं. नाकातोंडात पाणी, डोळे लाल. आणि बाप काठावरून काय म्हणतो? "उद्यापास्नं रोज जायाचं! खालच्या मळ्यातल्या इहिरीवर! शिकल्याबिगर घरात जेवाण न्हाई!"

आता सांगा, ते पोरगं परत पाण्याजवळ जाईल? छे! पण घरी तर सांगायचंय ना, "आबा, पोहून आलो" म्हणून? मग त्यानं युक्ती काढली. खालच्या मळ्यात गुरांना पाणी पाजायची दगडी डोण होती. तिच्यात डोकं बुडवायचं, चड्डी भिजवायची, आणि अर्ध्या तासानं ऐटीत घरी! बाप ओसरीवर बसलेला.

"आला का पोहून?"

"आलो आबा!"

"किती फेऱ्या?"

"सात!"

दुसऱ्या दिवशी नऊ. तिसऱ्या दिवशी बारा! डोणीत डोकं बुडवून बारा फेऱ्या, मंडळी! आणि धोंडिबा पारावर छाती काढून सांगतोय, "माझं पोरगं मासा झालंय, मासा!"

पण आईच्या डोळ्यांपासून काय लपतं? त्याची आई हौसा. एके दिवशी तिला पोराच्या ओल्या केसांत कडब्याची काडी दिसली.

"शिरपा, इहिरीत कडबा कवापास्नं पिकाया लागला रं?"

पोरगं रडायलाच लागलं. सगळं सांगितलं. आता हौसानं काय करायला हवं होतं? नवऱ्याशी बोलायला हवं होतं. पण तिलाही त्याची भीती! ती म्हणाली, "गप. रडू नगंस. आबांस्नी सांगायचं न्हाई. डोणीचं घाण पाणी नगं, मी हाय." आणि दुसऱ्या दिवसापासून परसात उभं करून ती स्वतः त्याच्या डोक्यावर तांब्या ओतायला लागली! मग पोरगं मागनं वळसा घालून पुढच्या दारानं घरात. "आबा, पंधरा फेऱ्या!"

हसताय? हसा. पण सांगा, वाईट कोण? धोंडिबाला पोरगं धीट व्हावं असं वाटत होतं. हौसाला पोराला मार बसू नये असं वाटत होतं. दोघांचाही जीव त्याच्यावरच. आणि दोघांनी मिळून त्याला शिकवलं काय? खोटं बोलायला! एकानं भाग पाडलं, दुसरीनं सोय करून दिली.

म्हणा बरं एकदा — विठ्ठल, विठ्ठल!

अक्षय तृतीया उजाडली. विहिरीभोवती सगळं गाव. पोरं भोपळे सोडून रांगेत उभी. बायका गुळाची ताटं घेऊन. आणि खाली पाण्यात, शेवटच्या पायरीवर, कासोटा मारून कोण उभं? आमची कलावती. माझी बायको. दोन वर्षं झाली तिला जाऊन. तिचं माहेर नदीकाठचं, तिच्यासारखं पोहणारं गावात दुसरं कुणी नव्हतं. मी? मला कीर्तनात हात हलवता येतात, पाण्यात बेताचेच! दरवर्षी पोरं उड्या मारायची तेव्हा ती खाली उभी असायची. कुणी दमलं तर धरायला.

धोंडिबा पुढे आला. "पैली उडी माझ्या शिरपतीची! आन् पायरीवरनं न्हाई — वरनं, मोटंच्या दगडावरनं!"

दोन पुरुष उंचीवरचा दगड, मंडळी! खाली तीन पुरुष पाणी! हौसा गुळाचं ताट घेऊन दोन पावलं पुढे आली, आणि नवऱ्याकडे बघून तिथंच थांबली. शिरपती चालत गेला. दगडावर उभा राहिला. सगळे वाट बघताहेत.

कलावती मला नंतर म्हणाली, "अहो, ज्याला पोहता येतं ते पोर उडीआधी पाण्याकडं बघतं. हा बापाकडं बघत होता."

ती खालनं ओरडली, "थांब!" आणि ओल्या लुगड्यानं धाडधाड पायऱ्या चढून वर आली. त्याच्यासमोर उकिडवी बसली.

"शिरपा, माझ्याकडं बघ. येतंय का रे तुला?"

पोरगं हळूच म्हणालं, "काकी, मी मारतो उडी. बुडलो तर बुडलो. पण आबांस्नी सांगू नका."

ऐकलंत? नऊ वर्षांचं लेकरू! त्याला पाण्याची भीती होती. पण बापाची भीती पाण्यापेक्षा खोल होती. बुडणं परवडलं, पण खरं बोलणं नको!

दुसरं कुणी असतं तर तिथंच बोंब ठोकली असती. कलावतीनं तसं केलं नाही. ती म्हणाली, "मी नाही सांगणार. तूच सांग. मी तुझा हात धरून उभी राहते."

आणि पोरानं सांगितलं. सगळ्या गावासमोर. "आबा, मला पोहाया येत न्हाई. मी डोणीत केस भिजवून यायचो."

धोंडिबाचं तोंड लाल. हात वर गेला! तेवढ्यात हौसानं ताट खाली ठेवलं आणि मध्ये उभी राहिली. लग्नानंतर पहिल्यांदा मोठ्यानं बोलली असेल. "मारायचं तर मला मारा! तांब्या रोज मीच वतला!"

हात तसाच वर. कलावती शांतपणे म्हणाली, "भावजी, तुम्हाला सांगायला लागू नये म्हणून पोरगं आत्ता मरायला निघालं होतं. आता मारा."

तो हात किती वेळ वर होता, देव जाणे. मग तो खाली आला. धोंडिबा मटकन दगडावर बसला. आणि खालमानेनं म्हणाला —

"वैनी, मला बी येत न्हाई."

"काय येत नाही?"

"पोहाया."

काय?! आमच्या गावातले जाणते गणूअण्णा पुढे झाले. "अरं, पर तू तर दरसाली इहिरीवर असतूस की!"

"काठावर असतो, अण्णा. बापानं फेकला, लोकांनी काढला. बाप म्हणाला, शिकलास का? म्या म्हणालो, शिकलो. पुन्हा त्यानं कवा इचारलं न्हाई, म्या कवा सांगितलं न्हाई."

तीस वर्षं, मंडळी! तीस वर्षं तो माणूस काठावर उभा राहून दुसऱ्यांना ओरडत होता!

गाव हसलं. खोटं का सांगू, मीही हसलो. कलावती हसली नाही. म्हणाली, "मग उद्या सकाळी दोघंही या."

आणि आले! शिरपतीच्या पाठीला बेताचा भोपळा, धोंडिबाच्या पाठीला गावातले सगळ्यांत मोठे तीन! बघायला जत्रा जमली होती. कलावतीची रीत साधी. पोटाखाली तळवा धरायची. पोराला तळव्याचा विसर पडला की हळूच काढून घ्यायची. पण तिथून हलायची नाही. मला म्हणायची, "हात काढायचा, जागा सोडायची नाही."

शिरपती तीन आठवड्यांत शिकला. धोंडिबाला पुढची अक्षय तृतीया उजाडली! आणि शेवटी शेवटी त्याच्या पोटाखाली तळवा कुणाचा होता? पोराचा! "आबा, पाय मारा! म्या धरलंय! भिऊ नका!" त्या वर्षी हौसानं दोघांचा गूळ वाटला.

आता तुम्ही म्हणाल, बुवा, तुमच्या घरात काय होतं? सांगतो. माझ्या घरात मीच धोंडिबा होतो. आमची सुरेखा सगळं आईलाच सांगायची. कलावती गेल्यावर पोरगी मला रोज फोन करायची. "जेवलात?" "जेवलो." "बरं." संपलं! असं वर्षभर. मग एक दिवस म्हणाली, "बाबा, आज मी पोरावर हात उचलला." पूर्वीचा मी असतो तर दहा मिनिटं झोडपलं असतं तिला. त्या दिवशी एवढंच म्हणालो, "बोल बाळा, ऐकतोय." तासभर बोलली. आता रोज बोलते. कलावतीला जे ऐकू यायचं ते आता मला ऐकू येतं. समाधान आहे.

म्हणून तात्या, म्हणून माऊली, आज घरी गेल्यावर लेकराला एवढंच विचारा — "मला सांगायची भीती वाटते असं काही आहे का रे?" ते लगेच सांगणार नाही. आठ दिवस लागतील, महिना लागेल. वाट बघा. आणि ज्या दिवशी सांगेल, त्या दिवशी ओरडूही नका आणि झाकूही नका. शेजारी बसा.

आता आरती करू. मागं बघा, कितीतरी लेकरं मांडीवर झोपलीत. उठवताना त्यांना हिसडा देऊ नका. नावानं हाक मारा, हळू. डोळे उघडल्यावर पहिलं तुमचं तोंड दिसणार आहे — बघून त्यांना बरं वाटू दे. बोला, पांडुरंग हरी!